लाकडाला वय देताना : वाफेच्या गाड्यांच्या प्रतिकृतींतील लाकडी भाग जुने कसे करावेत

गिरगावातील आमच्या चाळीच्या गॅलरीला सागवानी कठडा आहे. त्याची वरची दांडी पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी झिजून तुळतुळीत आणि काळसर तपकिरी झाली आहे. रस्त्याकडची बाजू, जिच्यावर आषाढातील पावसाचा झोत आणि दुपारचे ऊन दोन्ही थेट येतात, ती राखेच्या रंगाची, खरखरीत आणि रेघारेघांची आहे. दांडीच्या खालच्या अंगाला हात लावून वाकून पाहिले, तर तिथे मात्र सागाचा मूळचा मधासारखा रंग अजून शाबूत दिसतो. एकच फळी, एकच वय आणि तीन रंग. वाफेच्या गाडीच्या प्रतिकृतीतील लाकूड जुने कसे दाखवावे, असे कोणी विचारले की मी त्यांना आधी या कठड्यापाशी नेतो, कारण पुढे सांगायच्या सगळ्या कृती या तीन रंगांतून निघतात.

लाकूड राखाडी होते ते असे. उन्हातील अतिनील किरणांमुळे लाकडाचे तंतू एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या लिग्निनचे विघटन होते, पाऊस ते सुटलेले द्रव्य धुऊन नेतो आणि पृष्ठभागावर सेल्युलोजचे फिकट तंतू उरतात. दमट हवेत या तंतूंवर सूक्ष्म काळसर बुरशी वाढते आणि फिकटपणाला राखाडी छटा येते. वाढीच्या रेघांमधील मऊ भाग आधी झिजतो, कठीण भाग उंच राहतो, म्हणून जुन्या फळीवर बोट फिरवले की रेघा लागतात. हे सारे वरच्या पातळ थरात घडते. आतले लाकूड अनेक वर्षांनीही ताजे असते. त्यामुळे फळीचा टवका जिथे नुकताच उडाला असेल, तिथे राखाडीच्या मधोमध पिवळसर लाकूड दिसते. आपल्या कामात हा बारकावा फार उपयोगी पडतो.

म्हणून रंगाची बाटली उघडण्यापूर्वी प्रत्येक भागाला पाच प्रश्न विचारावेत: याच्यावर ऊन किती येत होते, पाणी कुठे साचत होते, हात किंवा पाय कुठे लागत होते, तेल कुठून ठिबकत होते आणि कोळसा व काजळी कुठे बसत होती. मी ही उत्तरे एका कागदावर भागाचे ढोबळ चित्र काढून त्यावर पेन्सिलीने लिहितो. या कामाला एक संध्याकाळ जाते आणि ती संध्याकाळ वाचवण्याच्या नादात पुढचे सगळे काम एकसुरी होते. सगळ्या फळ्या सारख्याच मळकट झालेली गाडी जुनी दिसत नाही, ती नुसती मळलेली दिसते.

गाडीचा काळ आणि अवस्था

दुसरी गोष्ट म्हणजे आपली गाडी कोणत्या काळातील आणि कोणत्या अवस्थेतील आहे, हे ठरवून घ्यावे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला १४ डबे घेऊन निघालेल्या गाडीची तीन इंजिने कोणी करायला घेतली, तर तिथे लाकूड जुने करण्याचे कामच जवळपास नाही; ती त्या दिवशी नवी होती. त्या सुमाराच्या इंजिनांच्या बॉयलरवर उष्णता टिकवण्यासाठी लाकडी पट्ट्यांचे आवरण असे आणि ते पितळी पट्ट्यांनी आवळलेले असे. ही लाकडी पट्टी बाहेरून दिसत असली, तरी ती पुसून, व्हार्निश लावून राखली जात असे. तिला राखाडी करणे चूक ठरेल. आगपेटीच्या, म्हणजे इंजिनातील कोळसा जळतो त्या कप्प्याच्या, बाजूला थोडी गडद, सुकलेली छटा आणि पितळी पट्ट्यांच्या कडेला तेलाची बारीक रेष एवढेच पुरेसे आहे.

याउलट मालगाडीच्या वाघिणीची फळी, आडबाजूच्या रुळावर वर्षानुवर्षे उभा असलेला गार्डचा डबा किंवा घाटातील स्लीपर (रुळांखालचे आडवे ओंडके) यांच्या बाबतीत हात सैल सोडता येतो. सेवेत असलेला प्रवासी डबा या दोहोंच्या मधला: तो नियमाने धुतला जात असे, त्यामुळे त्याचे वय खिडकीखालच्या पट्टीत, दरवाजाच्या मुठीजवळ आणि पायदानावर दिसते, सपाट भागांवर कमी दिसते.

संदर्भासाठी संग्रहालयातील गाड्या पाहाव्यात, पण लाकडाच्या रंगासाठी त्यांवर विसंबू नये. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात माथेरानचे ७३८ क्रमांकाचे इंजिन आहे. मापे आणि जोडणी समजून घ्यायला त्याच्यासारखा गुरू नाही, मात्र संग्रहालयातील वस्तू रंगवून, राखून ठेवलेल्या असतात. लाकडाचे खरे वय पाहायचे असेल तर ससून डॉकमधील जुन्या होड्यांच्या फळ्या, चाळींचे जिने आणि वखारीबाहेर पडलेले ओंडके यांच्याकडे पाहावे. फोटो ढगाळ दिवशी काढावेत, कारण कडक उन्हात राखाडी रंगातील छटा फोटोत पुसल्या जातात.

लाकूड कोणते घ्यावे

प्रतिकृतीत लाकडाच्या जागी शक्य तिथे लाकूडच वापरावे, असे माझे ठाम मत आहे. मात्र ज्या जातीचे लाकूड मूळ गाडीत होते, तेच प्रतिकृतीत घेतले की काम खरे दिसते, हा समज बरोबर नाही. सागाची रेघ मोठी असते. १:८७ प्रमाणाच्या, म्हणजे मूळच्या ८७व्या भागाइतक्या, डब्यावर खऱ्या सागाची एक रेघ मूळच्या गाडीत वीतभर रुंद झाल्यासारखी वाटते. लहान प्रमाणासाठी बारीक, एकसारख्या पोताचे लाकूड हवे. फण्या आणि पट्ट्या करायला वापरले जाणारे हेदूचे लाकूड मला या कामासाठी सर्वांत आवडते. रे रोडच्या लाकडाच्या वखारींत विचारणा केली तर त्याचे तुकडे कधी कधी मिळतात आणि ओळखीच्या सुताराकडून त्यांच्या पातळ पट्ट्या पाडून घेता येतात. ते नाही मिळाले तर आइस्क्रीमच्या चपट्या काड्या उत्तम काम देतात. बाल्सा कापायला सोपे असले तरी ते फार मऊ आणि सच्छिद्र असते. त्याच्या कडा दबतात आणि रंग डागासारखा शोषला जातो. सागाचे पातळ व्हिनियर १:१९ किंवा १:२२.५ यांसारख्या मोठ्या प्रमाणात मात्र शोभून दिसते.

माझी स्वतःची गाडी माथेरानची, १:१९ प्रमाणातील आहे. माथेरानच्या रुळांची रुंदी ६१० मिलिमीटर. या प्रमाणात ती जवळजवळ ३२ मिलिमीटर होते, आणि त्या मापाचे तयार रूळ मिळतात.

प्रमाणाचा हिशेब फक्त रुंदीपुरता नसतो. खऱ्या फळीतील ३ मिलिमीटरची भेग १:१९ मध्ये साधारण ०.१६ मिलिमीटरची होते, म्हणजे धारदार पात्याच्या टोकाने ती ओढता येते. तीच भेग १:८७ मध्ये ०.०३ मिलिमीटरची होते, म्हणजे केसापेक्षाही बारीक. ती कोरायला गेले तर फळीला दरी पडल्यासारखे दिसते. म्हणून लहान प्रमाणात पोत कोरू नये, तो रंगाने सुचवावा. मोठ्या प्रमाणात आधी पोत आणि मग रंग, हा क्रम ठेवावा.

पोत

पितळी तारेचा बारीक ब्रश घेऊन फळीवर फक्त रेघेच्या दिशेने, हलक्या हाताने सात-आठ वेळा फिरवावा. आडवा एकही फटका बसू देऊ नये. आडवा ओरखडा रंग लागल्यावर ठळक उठतो आणि नंतर कशानेही जात नाही. ब्रशने मऊ भाग थोडा निघून जातो आणि कठीण रेघा वर राहतात. पावसाने अनेक वर्षांत जे केले असते, तेच आपण मिनिटभरात करतो. त्यानंतर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने उठलेले कुसळ काढावेत. फळीची टोके सर्वांत आधी फाटतात, कारण पाणी टोकाकडून आत शिरते. म्हणून पात्याचे टोक फळीच्या शेवटाला रेघेत रोवून दोन-तीन बारीक चिरा पाडाव्यात, आणि त्यांची लांबी वेगवेगळी ठेवावी. सगळ्या फळ्यांना चिरा पाडू नयेत. पाच फळ्यांत एक फाटलेली, एकीचा कोपरा उडालेला आणि एक नंतर बदललेली म्हणून नवी दिसणारी, एवढे पुरते.

खिळ्यांची छिद्रे सुईने टोचावीत आणि ती खऱ्या गाडीत जिथे खालची चौकट असेल तिथेच यावीत. फळीच्या मधोमध, आधाराविना टोचलेला खिळा सुतारकाम जाणणाऱ्याला लगेच खुपतो.

हिरडा आणि लोखंडाचे पाणी

आता रंगाकडे येऊ. बाजारात लाकडात मुरणारे राखाडी रंग, म्हणजे स्टेन, मिळतात, पण ते सगळ्या फळ्यांवर एकच राखाडी चढवतात. मी जी पद्धत सुचवतो तिच्यात रंग लाकडातच तयार होतो. लाकडातील टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोह एकत्र आले की निळसर काळा किंवा राखाडी रंग तयार होतो. खऱ्या फळीत लोखंडी खिळ्याभोवती जे काळे वर्तुळ दिसते, तेही याच क्रियेचे. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांपासून काळा रंग आणि शाई करण्याची आपल्याकडची जुनी रीत हीच क्रिया वापरते.

हेदू, आइस्क्रीमची काडी, बाल्सा यांत टॅनिन पुरेसे नसते, म्हणून ते आधी द्यावे लागते. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी हिरड्याची पूड साधारण ५ ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावी, थंड झाल्यावर जुन्या सुती कापडातून दोनदा गाळावी. कडक काळ्या चहाने हेच काम होते, पण त्याचा रंग अधिक तांबूस येतो. मला घाटातील ओल्या लाकडासाठी हिरडा आणि कोरड्या पठारावरील वाघिणीसाठी चहा बरा वाटतो.

लोखंडाचे पाणी असे करावे. हार्डवेअरच्या दुकानातील अतिबारीक स्टील वूलचा एक गोळा, साधारण ५ ग्रॅमचा, भांड्याच्या साबणाने धुऊन त्यावरील तेल काढावे आणि काचेच्या बरणीत २५० मिलिलिटर साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावा. भांडी घासायची चकचकीत स्टीलची घासणी यासाठी घेऊ नये; ती बहुधा न गंजणाऱ्या पोलादाची असते आणि आठवडाभर ठेवली तरी विरघळत नाही. बरणीचे झाकण घट्ट लावू नये, कारण या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो. बरणी खिडकीत, गॅसच्या शेगडीपासून आणि देवघरातील निरांजनापासून दूर ठेवावी. तीन-चार दिवसांनी पाणी गाळून घ्यावे. ते ताजे असताना फिकट हिरवट किंवा जवळजवळ रंगहीन असते आणि स्वच्छ राखाडी रंग देते. पुढे हवा लागून ते नारिंगी होते आणि त्याचा रंग गंजाकडे झुकतो. ते जुने पाणी टाकू नये. खिळ्यांखालील आणि बोल्टांखालील गंजाच्या ओघळांसाठी त्याच्यासारखे दुसरे काही नाही.

आधी हिरड्याचे पाणी मऊ ब्रशने लावावे, पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावे, मग लोखंडाचे पाणी लावावे. पहिल्या वेळी ते एकास दहा या प्रमाणात पाणी घालून पातळ करावे. रंग काही मिनिटांत दिसू लागतो आणि पुढचे काही तास गडद होत राहतो. इथेच मी एकदा मोठी चूक केली होती. कोळशाच्या बंकरच्या फळ्यांना पातळ न केलेले पाणी लावले, पंधरा मिनिटांनी रंग फिका वाटला म्हणून दुसरा हात दिला, आणि सकाळी उठून पाहतो तर सगळ्या फळ्या पाटीसारख्या काळ्या. तीन आठवड्यांचे काम होते आणि त्यातील एकही फळी वाचवता आली नाही. तेव्हापासून मी त्याच लाकडाच्या तुकड्यावर एकास दहा, एकास चार आणि शुद्ध अशा तीन पट्ट्या ओढतो, मागे पेन्सिलीने प्रमाण लिहितो आणि पूर्ण २४ तास थांबल्याशिवाय मूळ भागाला हात लावत नाही. ओल्या लाकडावरून रंगाचा अंदाज कधीही बांधू नये.

हे सगळे डिंक लावण्यापूर्वी करावे. फेव्हिकॉलचा एक थेंब जरी पृष्ठभागावर आला, तरी तिथे पाणी शोषले जात नाही आणि फळीवर पांढरट ठिपका राहतो. फळ्या सुट्या असतानाच रंगवाव्यात. त्यामुळे प्रत्येकीचा रंग किंचित वेगळा राहतो, आणि खऱ्या गाडीत तो तसाच असतो. काम करताना खाली वर्तमानपत्राचे तीन-चार थर घालावेत. लोखंडाच्या पाण्याचा डाग लादीवरून निघत नाही.

सागवानी डब्याची बाजू

वाफेच्या गाडीत मला सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर वाटणारा भाग म्हणजे व्हार्निश लावलेल्या सागवानी डब्याची बाजू. तिथे व्हार्निश शाबूत असते तोवर लाकूड सोनेरी तपकिरी राहते, आणि जिथे ते उडते तिथे ऊन-पाऊस आत शिरून लाकूड राखाडी होते. म्हणजे एकाच फळीवर दोन्ही अवस्था शेजारी-शेजारी असतात आणि त्यांच्यामधली सीमा फाटकी, धूसर असते. ही सीमा ब्रशने रंगवून मला कधीच साधली नाही. ती साधली चपड्याच्या पॉलिशने.

चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पातळ पॉलिश डब्याच्या बाजूला तीन वेळा लावावे. प्रत्येक हात वाळल्यावर ६०० नंबरच्या पेपरने हलकेच घासावे. पूर्ण एक दिवस थांबावे. मग कानकोरण्याच्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून, ती जवळजवळ कोरडी पिळून, जिथे व्हार्निश उडालेले दाखवायचे तिथे फिरवावी. चपडा स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळतो, त्यामुळे कडा आपोआप विरत जाते. काडी मळली की लगेच बदलावी. लाकूड उघडे झाल्यावर त्या जागेवर पेपर एकदाच फिरवावा, हिरड्याचे पाणी लावावे, वाळल्यावर अगदी पातळ लोखंडाचे पाणी लावावे आणि आजूबाजूला सांडलेले ताबडतोब टिपून घ्यावे. चपडा शिल्लक असलेल्या भागात पाणी शिरत नाही, उघड्या भागात शिरते, आणि राखाडी रंग व्हार्निश गेले तिथेच उमटतो. खऱ्या डब्यावरही क्रम हाच होता: आधी व्हार्निश गेले, मग लाकूड गेले. प्रतिकृतीतही घटना त्याच क्रमाने घडू दिल्या, तर परिणाम खरा येतो.

कुठे उडालेले दाखवावे? खिडकीखालच्या आडव्या पट्टीच्या वरच्या कडेवर, जिथे पाणी थांबते. उभ्या पट्ट्या जिथे खालच्या चौकटीला मिळतात, त्या सांध्यांत. दरवाजाच्या मुठीभोवती, पण तिथे राखाडी करू नये. तिथे लाकूड हाताने उघडे पडते आणि हाताच्याच तेलकटपणाने काळसर तुळतुळीत होते, आमच्या कठड्याच्या वरच्या दांडीसारखे. ही छटा आणण्यासाठी उघड्या लाकडावर बेलतेलात (रंगाऱ्यांचे जवसाचे तेल) काजळीचा कण मिसळून बोटाने चोळावे आणि लगेच पुसावे. बेलतेलाची चिंधी चुरगाळून कचऱ्यात टाकू नये. ती सुकताना आपोआप तापते आणि पेटू शकते. पाण्यात भिजवून किंवा पसरून वाळवूनच टाकावी.

पायदान, चालकाची फळी, स्लीपर

पायदानाच्या बाहेरच्या कडेची धार कानसेने गोल करावी, आणि ती दरवाजासमोर जास्त, मधल्या भागात कमी झिजलेली असावी. कडेवर ताजे लाकूड किंचित दिसू द्यावे, कारण तिथली राखाडी रोजच्या पावलांनी निघून जाते.

इंजिनाच्या केबिनमधील लाकडी फळ्यांवर ऊन फारसे येत नाही, त्यामुळे त्या राखाडी होत नाहीत. त्या काळ्या होतात. कोळशाची धूळ बसू नये म्हणून फायरमन नळीने पाणी मारत असे आणि ते काळे पाणी फटींत जाऊन बसे. म्हणून फळ्यांवर काळ्या ड्रॉइंग शाईचे अगदी पातळ पाणी सोडावे आणि पृष्ठभाग लगेच ओल्या कापडाने पुसावा, म्हणजे काळेपणा फटींतच राहतो. चालक आणि फायरमन जिथे उभे राहत त्या दोन जागा पेपरने घासून थोड्या फिक्या कराव्यात. आगपेटीच्या दारासमोर फावडे सतत घासले जाई, तिथे 4B पेन्सिलीचे शिसे बोटाने चोळावे. त्याला कोळशाची मंद चकाकी येते.

कोळशाच्या फळ्यांची आतली बाजू कोळशाने घासून गोल आणि गुळगुळीत होते, वरची कड फावड्याने आणि चढणाऱ्या माणसांनी तुकड्यातुकड्यांत उडते. या कडा पटाशीने कापू नयेत, नखाने किंवा चिमट्याने तोडाव्यात. तुटलेल्या लाकडाचे तंतू कापलेल्या लाकडात येत नाहीत.

स्लीपरसाठी आपल्याकडे साल, साग आणि देवदार ही लाकडे वापरात होती; काही लाकडे तशीच घातली जात, काही क्रिओसोट (लाकूड टिकवणारे काळपट डांबरी तेल) मुरवून घातली जात. म्हणून घाटातील मार्ग दाखवताना सगळे स्लीपर एका रंगाचे करू नयेत. काही राखाडी तपकिरी, काही काळपट, आणि रुळाच्या बैठकीखाली गंजाची तांबडी छटा. स्टेशनात इंजिन थांबायचे तिथे दोन रुळांच्या मधोमध तेलाचा काळा पट्टा असावा. रुळांखालची खडी सह्याद्रीतील काळ्या बेसॉल्टची असेल, तर तिच्या तुलनेत राखाडी स्लीपर उजळ दिसतात, हे रंग ठरवताना लक्षात ठेवावे.

धूळ, काजळी आणि शेवटचा हात

भुकटीसाठी महागडे डबे लागत नाहीत. गेरू, पिवडी, काजळी आणि चाळलेली राख या चार गोष्टींतून हवे ते रंग मिळतात. डब्याच्या खालच्या भागाला आणि पायदानाच्या आतल्या बाजूला गेरू आणि काजळी मिसळून कोरड्या मऊ ब्रशने लावावी; बिडाच्या ब्रेकब्लॉकची तांबूस धूळ नेमकी तिथे बसते. छतावर आणि इंजिनाला लागून असलेल्या पहिल्या डब्याच्या पुढच्या अंगावर फक्त काजळी, तीही वरून खाली विरत जाणारी. खिळ्याच्या छिद्रात सुईच्या टोकाने ताज्या लोखंडाच्या पाण्याचा एक कण सोडला की टॅनिनने भरलेल्या लाकडात त्याच्याभोवती खरे काळे वर्तुळ उमटते. भिंगाखाली हे उमटताना पाहणे हा या छंदातील मला लाभलेला मोठा आनंद आहे. भुकटी लावताना नाकावर मास्क असावा.

गाडी फक्त कपाटात राहणार असेल, तर वर काही लावू नये. मॅट व्हार्निशने राखाडी रंग एक छटा गडद होतोच. हाताळली जाणार असेल, तर मॅट अॅक्रिलिकचा एकच पातळ फवारा दुरून मारावा, आणि तोही आधी चाचणीच्या तुकड्यावर पाहून. खऱ्या वाफेवर चालणाऱ्या इंजिनाचा विचार वेगळा. ते स्पिरिटच्या दिव्यावर चालत असेल, तर त्याला जोडलेल्या कोणत्याही लाकडावर चपडा वापरू नये, कारण भरताना सांडलेला स्पिरिटचा थेंब तो विरघळवतो. बर्नरच्या जवळ लाकूड ठेवायचेच असेल, तर मध्ये पितळी पत्रा आणि हवेची फट ठेवावी. सेफ्टी व्हॉल्व्हमधून उडणारे गरम पाणी आणि चिमणीतून उडणारे सिलिंडरचे तेल काही फेऱ्यांतच लाकडावर स्वतःच्या खुणा उमटवते. त्या पुसू नयेत. त्या आपण दिलेल्या सगळ्या खुणांपेक्षा खऱ्या असतात. म्हणून वाफेच्या गाडीचे लाकूड मी मुद्दाम थोडे कमी जुने करून सोडतो.

मुंबईतील पावसाळा

जून ते सप्टेंबर या काळात हे काम शक्यतो करू नये. दमट हवेत चपड्याचे पॉलिश वाळताना पांढरट धुक्यासारखे होते. हिरड्याचे किंवा चहाचे पाणी दिलेले लाकूड दोन दिवस ओले राहिले तर त्यावर खरी बुरशी येते, आणि ती प्रमाणात नसते. लाकूड रेघेच्या आडव्या दिशेने फुगते. उन्हाळ्यात अगदी चपखल बसवलेल्या फळ्या जुलैत एकमेकींना ढकलून चौकट वाकवतात. म्हणून फळ्यांमध्ये पोस्टकार्डाच्या जाडीपेक्षा कमी, पण निश्चित फट ठेवावी आणि प्रत्येक फळी फक्त मध्यावर डिंकाने चिकटवावी, टोके मोकळी सोडावीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत दुपारी काम करावे, आणि पावसाळ्यात गाडी सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावी. पुड्यांतील दाण्यांचा रंग बदलला की त्या मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात.

फळ्या कापायला घेण्याच्या आदल्या रात्री त्या लाकडाचे तुकडे काम करण्याच्या खोलीतच उघडे ठेवावेत, म्हणजे ते त्या हवेशी जुळतात.